बोरीची ड्रेसरबाई आणि तीन पायांची पाखरी

बोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात शिवकन्याला रुजू होऊन नऊ वर्षं झाली. कागदावर तिचं पद ‘व्रणोपचारक’ असं आहे, पण तो शब्द गावात कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळे तिला ड्रेसरबाई म्हणतात. जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर सुई टोचतात तोवर जनावर धरून ठेवायचं, हे तिचं काम. पहिल्या वर्षी बैल घेऊन आलेला माणूस तिला बघून विचारायचा, “गडीमाणूस कुणी न्हाई का?” ती बैलाच्या वेसणीला हात घालायची, कानामागं खाजवत उभी राहायची आणि काम झालं की म्हणायची, “न्या.” दुसऱ्या वर्षापासून कुणी विचारलं नाही.

रायभानमामा तिच्याकडे आले ते दोन वर्षांपूर्वी, हरभरा फुलावर होता त्या दिवसांत. बोरीपासून तीन किलोमीटरवर त्यांची वस्ती. घरात ते आणि बायको मनकर्णाबाई, चाळीसेक शेळ्या-मेंढ्या आणि दोन एकर रान. त्या दिवशी ते चालत आले होते, आणि कोकरू खांद्यावर घेतात तशी कुत्री त्यांनी मानेभोवती घेतली होती. तांबूस रंगाची, पाच वर्षांची कुत्री. नाव पाखरी.

शिवकन्यानं तिला टेबलावर घेतलं. डाव्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या वर, मांसात काहीतरी रुतलेलं होतं. तिनं केस कापले, जखम धुतली आणि पक्कडीनं हळूहळू ते बाहेर काढलं. मोटारसायकलच्या क्लचची वायर होती. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून काही लोक बांधावर तिचा फास लावतात. त्यात डुक्कर क्वचित अडकतं. ससा, कोल्हा, कुत्रं, जे वाटेनं जाईल ते अडकतं.

“किती दिवस झाले, मामा?”

“तीन दिस घरी न्हवती. आज सकाळी शोधून काढली.”

डॉक्टरांनी पंजा हातात घेतला. थंडगार होता. बोटांत सुई टोचली तरी पाखरीनं पाय हलवला नाही. फासाच्या खालचा पाय मेला होता आणि पू वर चढायला लागला होता. डॉक्टरांनी रायभानमामांना समोर बसवून सांगितलं की पाय खांद्यापासून काढावा लागेल, ते ऑपरेशन इथं होणार नाही, परभणीला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात न्यावं लागेल. नाही काढला तर विष अंगभर पसरेल.

रायभानमामा जमिनीकडे बघत म्हणाले, “साहेब, एक सुई द्या अन् सोडवा तिला. तीन पायाचं कुत्रं घेऊन मी मेंढरामागं कसा फिरू?”

“निर्णय तुमचा आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण कुत्री तरणी आहे. काळीज चांगलं आहे. ती यातून उठेल.”

रायभानमामांनी मान हलवली, म्हणजे नाही. शिवकन्या तोवर पाखरीचं डोकं धरून उभी होती. तिनं विचारलं, “मामा, हिनं आज काही खाल्लं का?”

“वाटंत भाकर दिली म्या.”

“अर्धी का पूर्ण?”

“पूर्ण खाल्ली.”

“मग तिला न्हाई जायचं,” शिवकन्या म्हणाली. “पाय काढू द्या. घरी आणली की मला सांगा. पुढचं कसं करायचं ते मी घरी येऊन दाखवते. एकदा न्हाई, ती चालायला लागेपर्यंत येते.”

हे ती सहज बोलून गेली असं नाही. तिचं माहेर ताडकळसचं. ती अकरा वर्षांची असताना तिचे वडील मुंजाजी मळणीयंत्रावर काम करत होते आणि त्यांचा उजवा हात कोपराखाली गेला. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा अंगात ताकद होती, मन ठिकाणावर होतं. घरच्यांनी मात्र त्यांना कशालाच हात लावू दिला नाही. आई, पार्वतीबाई, त्यांना घास भरवायची. चुलते येऊन म्हैस पिळून जायचे. परसाकडं निघाले तर तांब्या दुसराच कुणी उचलायचा. सगळं मायेनंच चाललं होतं. चार महिने ते ओट्यावर बसून राहिले आणि त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

एका बाजाराच्या दिवशी आई घरात नव्हती. वडील उठले, चरवी घेतली आणि म्हशीखाली बसले. शिवकन्या चरवी धरायला धावली. ते म्हणाले, “हात लावू नको. नुसती उभी राहा.” डाव्या हातानं त्यांनी म्हैस पिळली. अर्धं दूध शेणात गेलं. चौथ्या दिवशी चरवी भरली. पुढं पंधरा वर्षं त्यांनी ती म्हैस, तिची रेडी आणि रेडीची रेडी सांभाळली. जायबंदी झालेला जीव आठ दिवसांत शिकतो, वेळ लागतो तो घरच्यांना, असं शिवकन्याचं तेव्हापासूनचं मत. दवाखान्यात काम करताना ते तिनं वरचेवर पडताळून पाहिलं होतं.

रायभानमामांनी पुन्हा सुईचं नाव काढलं नाही, त्याच दिवशी पाखरीला परभणीला नेलं. ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी पाखरी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर शिवकन्या स्कूटी घेऊन वस्तीवर गेली.

मनकर्णाबाईंनी कुत्रीला घरकुलाच्या नव्या खोलीत ठेवलं होतं. तिथं गुळगुळीत फरशी होती, तिच्यावर त्यांची स्वतःची वाकळ अंथरलेली, जवळ दुधाचं भांडं आणि ताटलीत शिरा. पाखरीनं शिवकन्याला बघून उठायचा प्रयत्न केला. वाकळीवरून एकुलता पुढचा पाय फरशीवर आला, सटकला आणि हनुवटी खाली आपटली. मनकर्णाबाईंनी लगबगीनं तिला उचलून मांडीवर घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“पहा ना माय, उभीच राहीना. आमी तिला उचलूनच भाईर नेतो अन् आणतो.”

“मावशी, ही फरशीवर कवा राहिली होती आधी?”

“कवाच न्हाई. ही भाईर राहणारी.”

“मग तिला भाईरच नेऊ.”

शेळ्यांच्या गोठ्यापुढं सारवलेलं अंगण होतं, वर पत्र्याची सावली. शिवकन्यानं तिथं दोन पोती एकावर एक अंथरली आणि कडा दगडांनी दाबल्या. पाखरीला तिथं ठेवल्याबरोबर तिचे कान उभे राहिले. समोर शेळ्या दिसत होत्या. मग शिवकन्यानं रायभानमामांचं जुनं उपरणं मागितलं, ते पाखरीच्या छातीखालून घातलं आणि दोन्ही टोकं वर धरली.

“असं धरायचं. वर ओढायचं न्हाई. ती पडायला लागली तरच ताण द्यायचा, एरवी ढिलं सोडायचं. पुढच्या पायावर वजन जास्त असतं, म्हणून मागचा पाय गेलेल्या कुत्र्यापेक्षा हिला जरा अवघड जाईल. पण जमेल.”

पाखरी तीन पावलं चालली. तिसऱ्या पावलाला डोलली, उपरणं ताणलं गेलं, ती सावरली. चौथं पाऊल तिनं उडी मारल्यासारखं टाकलं. गोठ्याच्या खांबापर्यंत गेली, तिथं लघवी केली आणि परत वळली.

“आज एवढं बास,” शिवकन्या म्हणाली. “दिवसातून पाच येळा, थोडं थोडं. टाके निघेपर्यंत पळू द्यायचं न्हाई. अन् मावशी, शिरा बंद.”

मनकर्णाबाईंना ते पटलं नाही. “आजारी लेकराला उपाशी ठिवू का मी?”

“उपाशी कशाला? भाकर द्या, दूध द्या, अंडं द्या. पण आधी जेवढं खात होती त्याच्या वर न्हाई. चार पायांचं वजन आता तीन पायांवर हाय. तुमी मायेनं तिला जाड केलं तर हाच पाय उद्या दुखायला लागंल.”

मनकर्णाबाई ताटली उचलून आत घेऊन गेल्या.

जखम चाटू नये म्हणून शिवकन्यानं जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापला, कडेला चिंध्या गुंडाळल्या आणि ती पाखरीच्या गळ्यात अडकवली. औषधांच्या दोन पुड्या केल्या. एक सकाळच्या भाकरीबरोबर, एक संध्याकाळच्या. दुखण्याची गोळी कुत्रं ओरडेपर्यंत थांबून द्यायची नसते, वेळेवर द्यायची असते, हे तिनं दोनदा सांगितलं. “कदी कदी नसलेल्या पायाकडं बघून कण्हंल. घाबरू नका. हळूहळू कमी होतं ते. न्हाईच कमी झालं तर मला फोन करा.”

हे सगळं चालू असताना रायभानमामा अंगणाच्या टोकाला दोरी वळत बसले होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

तिसऱ्या खेपेला शिवकन्याच्या लक्षात आलं की मनकर्णाबाई औषधं चोख देतात, उपरणं नीट धरतात, पण खांद्याच्या त्या जागेकडे बघत नाहीत. तिकडं तोंड झालं की नजर वळवतात. शिवकन्यानं त्यांचा हात धरला आणि टाक्यांच्या शेजारी, भादरलेल्या कातडीवर ठेवला.

“गरम लागतंय का जास्त?”

मनकर्णाबाईंचा हात थोडा वेळ ताठ राहिला. मग बोटं सैल झाली. “न्हाई. बाकीच्या अंगासारखंच हाय.”

“पाणी सुटलंय का कुठं?”

त्यांनी खाली वाकून पाहिलं. “न्हाई.”

“मग बरं चाललंय. उद्यापासून रोज सकाळी तुमीच बघायचं. मी आले की मला सांगायचं.”

तेव्हापासून शिवकन्या वस्तीवर गेली की मनकर्णाबाई स्कूटी थांबायच्या आत हकीकत सांगायला लागायच्या. आज सूज उतरली. आज गोठ्याला पूर्ण फेरी मारली. आज उपरणं नुसतंच धरलं होतं, ताण द्यावाच लागला नाही.

बाराव्या दिवशी टाके काढले. पाखरी उपरण्याशिवाय अंगणभर फिरून आली, उड्या मारत, मान खाली-वर करत. मनकर्णाबाई चहा ठेवायला आत गेल्या. रायभानमामा तेव्हाही लांबच उभे होते. शिवकन्या निघाली तशी ते स्कूटीपर्यंत चालत आले.

“बाई,” ते म्हणाले, “ती तार माझीच होती.”

शिवकन्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं. “मला वाटलंच होतं, मामा.”

“कशावरून?”

“फासात अडकलेलं जनावर घेऊन जो येतो तो तार लावणाऱ्याला आधी शिव्या घालतो. तुमी एकबी शिवी दिली न्हाई.”

रायभानमामांनी पागोटं काढून हातात घेतलं. “डुकरानं मका झोपवला होता. मी पाच तारा लावल्या, ते हिला कसं कळावं? ती माझ्याच मागं बांधावर आली आसंल. आता ती मला बघून शेपूट हलवती. तेच सोसंना मला. म्हणून म्हणलं होतं साहेबाला, सुई द्या.”

“घरात म्हाईत हाय का?”

“न्हाई.”

शिवकन्यानं त्यांची समजूत घातली नाही. “मामा, तार कुणाची ते तिला कळत न्हाई. तुमी पहिल्यासारखं बोलवत न्हाई, एवढंच तिला कळतं. ती तुमच्या शिट्टीची वाट बघायलीय. अन् बाकीच्या चार तारा?”

“तशाच हायेत.”

“पक्कड हाय का घरात?”

दोघं बांधाबांधानं गेली. चारही फास तुरीच्या कडेला, गवतात होते. एकात सशाची कातडी आणि हाडं होती. रायभानमामांनी एकेक वायर तोडली, गुंडाळी केली आणि घरी येऊन ती मनकर्णाबाईंच्या समोर ओट्यावर ठेवली. काय झालं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मनकर्णाबाई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, “शेजारच्या रानात बन्सीधरच्याबी तारा हायेत. त्यालाबी जाऊन सांगा.” रायभानमामा गेले. बन्सीधरनं आधी ऐकलं नाही. मग पाखरीला बघून गेला आणि संध्याकाळी तारा काढल्या. डुकरांसाठी त्या दोघांनी मिळून पुढच्या हंगामात हलका झटका देणारं सौर कुंपण बसवलं, ते आता दोन्ही रानांना चालतं.

शिट्टीचं मात्र जमत नव्हतं. रायभानमामा जवळच्या पडीक रानात शेळ्या न्यायला लागले, पाखरीला बरोबर न्यायला लागले, पण शिट्टी मारायचे नाहीत. आधी एका शिट्टीवर ती डावीकडून कळप फिरवायची, दोन शिट्ट्यांवर उजवीकडून. आता ती त्यांच्या पायाशी बसून तोंडाकडे बघत राहायची. “तिला हुकूम कसा सोडू?” ते शिवकन्याला म्हणाले. “पडली तर?”

“पडंल,” शिवकन्या म्हणाली. “उठंल.”

महिन्याभरानं शिवकन्या पाखरीची नखं कापायला गेली तेव्हा घर बंद होतं. ती रानात गेली. मनकर्णाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या; त्या, रायभानमामा आणि पाखरी, तिघंही बाभळीखाली होती. शिवकन्या पाणी पीत असतानाच एक काळी शेळी कळपातून सुटली आणि बन्सीधरच्या हरभऱ्याकडे निघाली. रायभानमामांचं लक्ष गेलं आणि तोंडातून शिट्टी गेली. एकच. वर्षानुवर्षांची सवय.

पाखरी उठली तेव्हा त्यांना कळलं की आपण काय केलं. ती डावीकडून निघाली होती, पोट जमिनीला लावत, तीन पायांवर, पण वेगानं. मध्ये बांध होता. वर चढली, पलीकडे उतरताना पुढचा पाय ढेकळात गेला आणि ती तोंडावर पडली. मनकर्णाबाई भाकरीचं फडकं टाकून धावल्या.

“हात लावू नको,” रायभानमामा म्हणाले. “थांब जरा.”

पाखरीनं नाकावरची माती झटकली. उठली. शेळीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि एकदाच भुंकली. शेळीनं हरभऱ्याकडे पाहिलं, पाखरीकडे पाहिलं आणि वळली. पाखरी तिला बांधापर्यंत घेऊन आली. यावेळी बांध तिनं तिरका चढला, पलीकडे उतरतानाही तिरकीच उतरली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रायभानमामा खाली बसले. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं, ते बाकीच्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांनी आपल्या भाकरीतला मोठा तुकडा तिला दिला. मनकर्णाबाईंनी तो अर्धा काढून घेतला. “बाई काय म्हणल्या, इसरले का? जाड करायचं न्हाई.”

पाखरी आता सात वर्षांची आहे. लांबच्या चराईला रायभानमामा तिला नेत नाहीत, दुसरं एक तरणं कुत्रं नेतात. जवळच्या रानात मात्र तिचाच हुकूम चालतो. दुपारी ऊन चढलं की ती स्वतःच बाभळीखाली जाऊन बसते आणि तिथून कळपावर नजर ठेवते. थंडीत पुढचा पाय थोडा आखडतो, तेव्हा मनकर्णाबाई कोमट तेल लावतात.

परभणीच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी ही हकीकत ऐकली. या भागातल्या कुत्र्याचा पाय काढावा लागला तर त्या आता घरच्यांना शिवकन्याचा नंबर देतात. दोन वर्षांत ती अशा नऊ घरी गेली. आठ कुत्री चालली. एक जिंतूरकडचं म्हातारं कुत्रं होतं, ते तिसऱ्या आठवड्यात गेलं. त्या घरीही ती नंतर एकदा जाऊन बसून आली.

मागच्या महिन्यात वालूरहून फोन आला. सविता नावाची बाई होती. तिच्या घरचा कुत्रा टेम्पोखाली सापडला होता, मागचा पाय काढला होता, आणि चार दिवस झाले तरी तो कोपऱ्यातून हलत नव्हता. शिवकन्यानं रविवारी जायचं ठरवलं. आदल्या दिवशी वस्तीवर सहज बोलणं निघालं तर मनकर्णाबाई म्हणाल्या, “मी येऊ का? तुजं सांगणं बराबर हाय, पण तू दवाखान्याची बाई. घरच्या बाईचं घरच्या बाईला लौकर कळतं.”

स्कूटीवर मागं बसून त्या वालूरला गेल्या, मांडीवर एक पोतं आणि एक जुनं उपरणं घेऊन. सविताच्या घरी फरशी होती, कुत्रा मऊ गादीवर होता, समोर बिस्किटं पडलेली होती. मनकर्णाबाईंनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. शिवकन्या तोंड उघडायच्या आत त्यांनी बिस्किटं उचलून सविताच्या हातात दिली आणि दारापासून गादीपर्यंत पोतं अंथरलं.

“तुमी याला उचलून नेता का भाईर?”

“हो. पडंल म्हणून भीती वाटती.”

“मला बी वाटायची,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “म्या तर पंधरा दिस नीट जेवलेच न्हाई. या, अशा बसा इकडं.”

शिवकन्या बाजूला सरकली आणि टाके बघायला लागली. जखम कोरडी होती. तिनं मान डोलावली. मनकर्णाबाईंनी कुत्र्याच्या पोटाखालून उपरणं घातलं. सविताचा नवरा इतका वेळ चौकटीत उभा होता, आत यावं की येऊ नये अशा विचारात. मनकर्णाबाईंनी उपरण्याचं एक टोक त्याच्याकडे केलं.

“हे धरा दादा. ढिलं धरा.”

त्यानं चपला काढल्या, आत आला आणि टोक हातात घेतलं.